दरपत्रक नसलेला बाजार: आरोग्यविमा स्पर्धेने स्वस्त होईल की नियंत्रणाने?

दावेदार (धागाकर्ता)

मी ३१ वर्षे एका सरकारी विमा कंपनीच्या दावे विभागात काढली. निवृत्तीनंतर सोसायटीतली मंडळी रुग्णालयाची बिले घेऊन येतात आणि मीही जुन्या सवयीने लाल पेन घेऊन बसतो. गेल्या पंधरवड्यात आलेले बिल खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचे होते. शेजाऱ्यांची पॉलिसी तीन लाखांची, आणि तिच्यात खोलीच्या भाड्याला विमा रकमेच्या एक टक्क्याची, म्हणजे रोज ३,००० रुपयांची मर्यादा. त्यांनी ४,५०० रुपयांची खोली घेतली, कारण त्या दिवशी तीच रिकामी होती. मुक्काम पाच दिवसांचा, एकूण बिल १,९०,२०० रुपये. त्यांपैकी औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांचे ४६,००० रुपये कंपनीने पूर्ण मान्य केले. हातमोजे, डायपर, फाइलचा खर्च असे ६,२०० रुपये 'देय नाहीत' म्हणून वगळले. उरलेल्या १,३८,००० रुपयांचे दोनतृतीयांशच, म्हणजे ९२,००० रुपये दिले, कारण खोली मर्यादेच्या दीडपट महाग होती. खोलीच्या भाड्यातला प्रत्यक्ष फरक ७,५०० रुपयांचा असताना त्यापायी ४६,००० रुपये कापले गेले.

शेजारी कंपनीवर चिडले होते. कपात पॉलिसीच्या अटींनुसारच होती, हे त्यांना समजावताना माझाच जीव मेटाकुटीला आला. परंतु बिलातली खरी गोम वेगळी आहे. त्या रुग्णालयात, आणि आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत, सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी आणि ऑपरेशन थिएटरचे भाडे खोलीच्या दर्जानुसार बदलते. सर्जन तेच, टेबल तेच, टाकेही तेवढेच. पण रुग्ण जनरल वॉर्डातून आला की एक दर आणि एकट्याच्या खोलीतून आला की दुसरा. विमा कंपनीने प्रमाणशीर कपातीची अट घातली ती या दरपद्धतीला उत्तर म्हणून, आणि दोघांच्या भांडणात भरडला गेला तो विमाधारक.

'आरोग्यात बाजार आणला म्हणून हे झाले' असे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. मला ते पटत नाही. गाडीचा बंपर बदलायचा तरी गॅरेजवाला आधी एस्टिमेट देतो, सुट्या भागांना छापील किंमत असते आणि सर्वेअर पाहून गेल्याशिवाय स्पॅनरला हात लागत नाही. रुग्णालयात यातले काहीही नाही. विक्रेते आहेत, ग्राहक आहेत, पैसाही भरपूर आहे, पण खरेदीपूर्वी भाव कळत नाही. याला बाजार म्हणायला मी तयार नाही.

सौदा करणारा कोणी उभा राहिला की काय होते, ते मी आतून पाहिले आहे. जुलै २०१० मध्ये चारही सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि चेन्नई येथील अनेक मोठ्या रुग्णालयांची कॅशलेस सुविधा काढून घेतली. कारण साधे होते: मेडिक्लेमच्या व्यवसायात हप्त्यांपेक्षा दाव्यांचीच रक्कम जास्त जात होती. आमच्या कार्यालयात त्या महिन्यात फोनची घंटा थांबत नव्हती आणि लोक आम्हाला शिव्या घालत होते. परंतु त्यातूनच 'पीपीएन' उभे राहिले, म्हणजे ठरावीक शस्त्रक्रियांचे पॅकेज दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांचे जाळे, आणि सुरुवातीला ताठ राहिलेली काही रुग्णालये पुढे स्वतःहून त्यात आली.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. प्रत्येक रुग्णालयाने नेहमीच्या शस्त्रक्रियांचे एकच पॅकेज दर खोलीच्या दर्जापासून वेगळे करून जाहीर करावेत. सर्व कंपन्यांनी शब्दन्‌शब्द सारखी असलेली एक प्रमाणित पॉलिसी मुख्य उत्पादन म्हणून विकावी, म्हणजे लोकांना फक्त हप्ता आणि सेवा यांचीच तुलना करावी लागेल. कंपनी बदलताना कोणालाही नकार मिळू नये. आणि सरकारने गरिबांसाठी दिलेला पैसा इमारतींच्या मागे न जाता रुग्णाच्या मागे जावा. हे चार बदल झाले तर दर उतरतील, हप्ते उतरतील आणि आज विम्याबाहेर असलेला मध्यमवर्गाचा खालचा थर आत येईल. दरांवर सरकारी टाच आणण्याची गरज पडणार नाही. विरोधी मते अवश्य मांडावीत.

---

वैनगंगा

दावेदारजी, बिलाचे विश्लेषण वाचून पुष्कळ समजले, पण निष्कर्ष मान्य नाही. तुमचा सगळा युक्तिवाद शांतपणे तुलना करणारा ग्राहक गृहीत धरतो. तुमच्याच शेजाऱ्यांनी ४,५०० रुपयांची खोली का घेतली? तीच रिकामी होती म्हणून. खुब्याचे हाड मोडलेला माणूस स्ट्रेचरवरून दुसऱ्या रुग्णालयाचे दरपत्रक मागवणार नाही, आणि त्याच्या मुलाला तेव्हा भाव नव्हे, सर्जन हवा असतो.

दुसरे म्हणजे, विमा हे खर्च कमी करण्याचे साधन नाही. तो खर्च वाटून घेण्याचे साधन आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट चांगलीच आहे. पण खिशातून जे जाते त्यातला मोठा भाग औषधांवर आणि बाह्यरुग्ण तपासणीवर जातो, आणि तुमची मेडिक्लेम पॉलिसी रुग्ण खाटेवर झोपेपर्यंत जागीच होत नाही. मधुमेहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या पैशाने घेणाऱ्या माणसाला तुमची प्रमाणित पॉलिसी काय देणार? त्याचा पाय कापायची वेळ आली, की मग कॅशलेस.

तिसरा मुद्दा माझ्या भागाचा आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होते. तीच योजना आज महात्मा फुले यांच्या नावाने चालते, २०२३ च्या शासन निर्णयाने तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख झाली आणि ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली. कागदावर ही तुमचीच कल्पना आहे: पैसा रुग्णाच्या मागे जातो. पण भामरागडचा रुग्ण स्वतः कुठे जातो? चंद्रपूरला, नागपूरला. मी अशा एका बाईंबरोबर नागपूरपर्यंत गेले आहे. शस्त्रक्रिया खरोखर फुकट झाली. जीपचे भाडे, सोबतच्या दोघांचे अकरा दिवसांचे जेवण आणि बुडालेला धानकापणीचा हंगाम यांचे पॅकेज कोणत्याही योजनेत नव्हते. जिथे विक्रेताच नाही, तिथे ग्राहकाच्या हाती कार्ड देऊन बाजार उभा राहत नाही. तिथे सरकारला इमारतच बांधावी लागते, डॉक्टर नेमावा लागतो आणि तो टिकेल असे पाहावे लागते. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

आणि विमा कंपन्यांबद्दल आपण मौन पाळलेत, म्हणून विचारते. २०२३-२४ मध्ये केवळ आरोग्यविमा विकणाऱ्या खासगी कंपन्यांनी मिळालेल्या हप्त्यांच्या साधारण ६५ टक्केच रक्कम दाव्यांपोटी दिली, तर सरकारी कंपन्यांचे प्रमाण शंभराच्या वर होते. शंभर रुपयांतले पस्तीस रुपये ज्या स्पर्धेत वाटेतच जिरतात, ती स्पर्धा हप्ता कसा उतरवणार? अमेरिकेसारख्या देशालाही २०१० च्या कायद्यात कंपन्यांना सांगावे लागले, की वैयक्तिक पॉलिसींच्या हप्त्यातले किमान ८० टक्के उपचारांवर खर्च करा, नाहीतर उरलेले परत द्या.

---

कोरा चहा

दावेदारसाहेब, तीस वर्षे दावे कापलेत आणि आता ग्राहकाची बाजू घेताय, हेही नसे थोडके.

---

दावेदार

कोरा चहा, टोमणा शिरोधार्य. दावे कापले म्हणूनच कात्री कुठे कुठे लागते ते सांगू शकतो.

वैनगंगाताई, अत्यवस्थ रुग्ण सौदा करू शकत नाही, हे उघडच आहे. पण रुग्णालयात होणाऱ्या सगळ्या गोष्टी अशा नसतात. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल, गर्भाशय काढणे, बहुतेक बाळंतपणे: या सर्वांना आठवडे किंवा महिने हाताशी असतात. तिथे दर उतरले तर अपघाताच्या रुग्णालाही फायदा होतो, कारण खुब्याच्या शस्त्रक्रियेचा दर त्याच फलकावर असतो आणि तो स्ट्रेचर पाहून बदलता येत नाही.

औषधांचा विषय आपणच काढलात तर तिथे स्पर्धेने काय केले ते पाहा. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधांची मात्रा वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा तोच उपचार पाश्चात्त्य कंपन्यांकडून दहा हजार डॉलरहून महाग मिळत होता. हे कोणत्याही दरनियंत्रणाने झाले नाही, अनेक उत्पादक असल्याने झाले.

---

वैनगंगा

अनेक उत्पादक असल्याने झाले, पण ते उत्पादक आले कुठून? १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचे पेटंट काढून टाकले आणि केवळ प्रक्रियेवर ठेवले, म्हणून भारतात तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवण्याची मुभा मिळाली. ती मुभा बाजाराने दिली नव्हती, संसदेने दिली होती. तुमचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. मी ते जपून ठेवते.

आणि दरनियंत्रणाने काय होते, हेही सांगते. फेब्रुवारी २०१७ पर्यंत औषधलेपित स्टेंटला रुग्ण लाख-सव्वा लाख रुपये मोजत होते. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कमाल किंमत कर वगळून २९,६०० रुपये ठरवली. दुसऱ्या दिवशी देशातले स्टेंट संपले नाहीत.

---

तालुक्याचा डॉक्टर

माझे तालुक्याच्या गावी १८ खाटांचे रुग्णालय आहे आणि मी जनरल सर्जन आहे. दोन्ही बाजूंनी आमच्याविषयीच बोलणे चालले आहे, म्हणून लिहितो.

स्टेंट स्वस्त झाला, ते बरेच झाले. पण अँजिओप्लास्टीचे एकूण बिल त्या प्रमाणात उतरले का, हे कोणत्याही रुग्णाला विचारा. फुग्याला एका जागी दाबले की तो दुसरीकडे वर येतो. स्टेंटमधले गेले ते 'प्रोसिजर चार्जेस'मध्ये आले.

दावेदारजींच्या 'एक शस्त्रक्रिया, एक दर' या कल्पनेला माझा विरोध नाही. माझ्याकडे तसेच चालते, कारण माझ्याकडे खोल्यांचे दर्जेच दोन आहेत. अडचण वेगळी आहे. हर्नियाचे मी जे घेतो त्यात भूलतज्ज्ञ जिल्ह्याहून येतो त्याचे पैसे आहेत, जनरेटरचे डिझेल आहे, अग्निशमनाचा दाखला आणि जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्याचे मासिक बिल आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी नवीन आलेले साखळी रुग्णालय हाच हर्निया पहिली दोन वर्षे माझ्यापेक्षा स्वस्तात करील, शहरातल्या शाखेच्या जिवावर. मी बंद पडलो की मग तेथील दरपत्रकावर काय लिहिलेले असेल, ते मी सांगायला नको. खुल्या स्पर्धेत लहान माणूस आधी मरतो, आणि आपल्याकडे ग्रामीण भागातली निम्मीअधिक सेवा याच लहान माणसांच्या खांद्यावर आहे, असा माझा अनुभव आहे.

सरकारी योजनांचे दर परवडत नाहीत असे आमच्या संघटनेत सगळे म्हणतात, आणि पुष्कळ शस्त्रक्रियांच्या बाबतीत ते खरे आहे. पण दरापेक्षा जीव घेणारी गोष्ट आहे ती उधारी. दावा मंजूर झाल्याचा संदेश येतो आणि पैसे चार-चार महिने येत नाहीत. मेडिकलवाला मला चार महिने देत नाही आणि नर्सच्या घराचा हप्ताही थांबत नाही. मग मेडिक्लेमच्या रुग्णाकडून थोडे जास्त घ्यायचे आणि योजनेच्या रुग्णाचे खड्डे बुजवायचे, असे चालते. कोणी याला लूट म्हणेल. मी त्याला ताळेबंद म्हणतो.

आणि ज्या गोष्टीबद्दल अजून कोणीच बोलले नाही तीही लिहितो, म्हणजे आमचेच लोक मला धारेवर धरतील. कट प्रॅक्टिस. रुग्ण पाठवणाऱ्याला बिलातला हिस्सा पोचवायचा. राज्य सरकारने २०१७ मध्ये याविरुद्ध विधेयकाचा मसुदा करवून घेतला होता. त्याचा कायदा आजवर झालेला नाही. जोवर रुग्ण कुठे जाईल हे दरपत्रकावर नव्हे तर पाकिटावर ठरते, तोवर तुमची स्पर्धा रुग्णासाठी होणार नाही, रुग्ण पाठवणाऱ्यासाठी होईल. ती आजही आहेच, आणि फार तीव्र आहे.

---

उत्रेख्तकर

गेली चौदा वर्षे नेदरलँड्समध्ये राहतो. दावेदारजी ज्याचे वर्णन करत आहेत त्याच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था इथे १ जानेवारी २००६ पासून चालू आहे, म्हणून थोडे तपशील देतो.

इथे विमा खासगी कंपन्याच विकतात आणि त्यांच्यात स्पर्धा आहे. नोव्हेंबरमध्ये प्रत्येक कंपनीला पुढच्या वर्षाचा हप्ता जाहीर करावा लागतो, आणि ३१ डिसेंबरपर्यंत जुनी पॉलिसी रद्द करून दुसरीकडे जाता येते. माझ्या कचेरीत डिसेंबरमध्ये कॉफीच्या यंत्रापाशी दुसरा विषय नसतो. पण या स्पर्धेभोवती कुंपण किती घट्ट आहे ते पाहा. मूळ पॉलिसीत काय असेल ते सरकार ठरवते. प्रत्येक प्रौढ रहिवाशाला ती घ्यावीच लागते. कंपनीला कोणालाही नाकारता येत नाही, आणि एकाच पॉलिसीसाठी पंचविशीतल्या धावपटूला व पंचाहत्तरीतल्या हृदयरुग्णाला तोच हप्ता लावावा लागतो. ज्या कंपनीकडे आजारी माणसे जास्त येतात तिला सामायिक निधीतून भरपाई मिळते, नाहीतर प्रत्येक कंपनी फक्त धावपटूंनाच शोधत बसली असती. मुलांना अठराव्या वर्षापर्यंत हप्ता नाही. कमी उत्पन्नाच्या लोकांना सरकार दरमहा भत्ता देते. उलट बाजूने, वर्षातले पहिले ३८५ युरो प्रत्येकाने स्वतः भरायचे. घरच्या डॉक्टरची भेट मात्र त्यातून वगळली आहे.

हे सगळे करूनही इथले उपचार स्वस्त नाहीत, आणि बाजाराचा बहुतांश हिस्सा चारच मोठ्या कंपन्यांच्या हाती आहे. परंतु व्याप्तीचा प्रश्न जवळजवळ सुटला आहे. दावेदारजींच्या चार कलमांतले तिसरे, नकार न देण्याचे, तेवढे एकच मी उचलले असते. पण सक्ती आणि भरपाईचा निधी यांच्याशिवाय ते कलम कंपन्यांना बुडवील, कारण लोक आजारी पडल्यावरच विमा घ्यायला येतील.

---

वैनगंगा

उत्रेख्तकरांचे आभार. आता हेच कुंपण आपल्याकडे लावून पाहू. आपल्याकडे पॉलिसी एका कंपनीतून दुसरीकडे नेण्याची सोय २०११ पासून आहे. माझ्या वडिलांनी तिचा उपयोग करायचा प्रयत्न केला. वय ६८, रक्तदाब, एक स्टेंट. जुन्या कंपनीने हप्ता वाढवत नेला म्हणून तीन ठिकाणी अर्ज केले. दोघांनी नकार कळवला, तिसऱ्याने उत्तरच दिले नाही. विमा नियामकाने २०२४ मध्ये ६५ वर्षांची वयोमर्यादा काढली, आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला, हे सर्व स्वागतार्ह आहे. पण 'विकू शकता' आणि 'विकलेच पाहिजे' यांत फरक आहे. तरुण आणि निरोगी असताना तुम्हाला कंपनी बदलता येते, म्हणजे बदलण्याची गरज नसते तेव्हा. ज्या दिवशी गरज लागते त्या दिवसापासून तुम्ही त्या कंपनीचे कूळ.

---

फोंडेकर

आमच्या गोव्याचा दाखला कोणी दिला नाही, म्हणून मीच देतो. आमच्याकडे २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे: उत्पन्नाची अट नाही, पाच वर्षांचा रहिवास पुरे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे कवच. पण फोंड्यातल्या माणसाला विचारा, की मोठे दुखणे आले तर कुठे जाणार. तो कार्डाचे नाव घेणार नाही. तो बांबोळी म्हणेल, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी रुग्णालय. गोमेकॉ. तिथे रांग आहे, तिथे खाट मिळेपर्यंत ट्रॉलीवर झोपावे लागते, ते सर्व कबूल. पण मडगाव-पणजीच्या खासगी रुग्णालयाने बिल जास्तच लावले, तर रुग्णाचे नातेवाईक 'मग बांबोळीला नेतो' असे म्हणू शकतात, आणि हे वाक्य ऐकल्यावर बिलात काय फरक पडतो ते मी स्वतः काउंटरपाशी उभे राहून पाहिले आहे. अर्धा तास गेला, मॅनेजर आत जाऊन आला आणि आकडा उतरला. दावेदारांना स्पर्धाच हवी असेल तर हीसुद्धा स्पर्धाच आहे. खासगी रुग्णालयाचा सर्वांत जबरदस्त प्रतिस्पर्धी म्हणजे जवळचे चांगले सरकारी रुग्णालय.

सिंधुदुर्गातली माणसे इतकी वर्षे बांबोळीला येत आली ती हौसेने नव्हे. २०१८ च्या जानेवारीत गोव्याबाहेरच्या रुग्णांना गोमेकॉत शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे केवढी नाराजी उसळली होती ते आठवावे.

---

दावेदार

फोंडेकरांचा मुद्दा मला सुचायला हवा होता. इमारतींमागे जाणाऱ्या पैशाविषयी मी जे लिहिले त्यात तेवढी दुरुस्ती करतो: ज्या तालुक्यात पर्यायच नाही तिथे इमारत हवी, आणि ती चांगली हवी. उत्रेख्तकरांच्या भरपाई निधीचाही माझ्या मांडणीत विचार नव्हता. दावे विभागातला माणूस फार तर आलेल्या दाव्याचा विचार करतो, न आलेल्या ग्राहकाचा करत नाही.

पण दरनियंत्रणाच्या बाबतीत मी अजूनही जागचा हललेलो नाही. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा ताब्यात घेऊन साध्या वॉर्डाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये रोजचे दर ठरवून दिले. साथीत ते योग्यच होते. परंतु त्याच काळात पीपीई किट, 'विशेष देखरेख' अशा नावांनी काय काय बिलात घातले गेले, आणि महापालिकांना बिले तपासायला लेखापरीक्षक बसवावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले. शंभर रुग्णालयांमागे शंभर हिशेबनीस सरकार कायमचे बसवू शकत नाही. उघडा दर आणि मोकळा ग्राहक हे काम फुकटात करतात.

---

वैनगंगा

फुकटात कोण करते ते पाहायचे असेल तर एक साधा प्रयोग करा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रत्येक खासगी रुग्णालयाने दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. म्हणजे आपले पहिले कलम निम्मे तरी कायद्यात आधीच आहे. आपण पुण्यात राहता, प्रकृती ठणठणीत आहे, हाताशी वेळ आहे आणि बिल वाचता येते. आपल्याहून आदर्श ग्राहक सापडणार नाही. तीन रुग्णालयांत जा आणि आधी ठरवता येण्याजोग्या एखाद्या शस्त्रक्रियेचा दर विचारून या.

---

तालुक्याचा डॉक्टर

ताई, पैज लावू नका, दावेदार हरतील. दरपत्रक माझ्याकडेही आहे. गेल्या रंगकामात खाली उतरवले ते परत लावायचे राहिले आहे, हे आज तुमच्यामुळे आठवले. उद्या लावतो. मात्र त्यावर दर लिहिताना कोणता लिहू, हा प्रश्न खराच आहे. योजनेचा, रोखीचा की टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेने, शेवटी मान्य केलेला? तिन्ही वेगळे आहेत. आणि सर्वांत मोठा आकडा लिहिला तर रुग्ण पळतो, सर्वांत छोटा लिहिला तर पुढच्या करारात विमा कंपनी त्याच्यावरही वीस टक्के सूट मागते.

---

कोरा चहा

चौथाही असतो, डॉक्टरसाहेब. नगरसेवकाचा फोन आल्यानंतरचा.

---

दावेदार

उशीर झाला, क्षमस्व. पत्नीच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाच आहे, म्हणून प्रयोगाला निमित्त आयतेच मिळाले. काल आणि आज तीन ठिकाणी जाऊन आलो.

पहिल्या रुग्णालयात दरपत्रक होते, पाण्याच्या कूलरच्या मागे. त्यावर सल्ला शुल्क, ड्रेसिंग आणि रुग्णवाहिकेचा प्रतिकिलोमीटर दर होता; शस्त्रक्रियेचा एकही दर नव्हता. काउंटरवर विचारले तेव्हा 'पेशंटला घेऊन या, डॉक्टर बघतील, मग सांगतो' असे उत्तर मिळाले. तपासणीचे ८०० रुपये वेगळे.

दुसऱ्या ठिकाणच्या मुलीने फार सौजन्याने छापील पत्रक दिले. त्यात भिंगाच्या पाच प्रकारांचे पाच दर होते आणि तळाशी बारीक अक्षरांत 'इतर शुल्क लागू' होते. इतर शुल्क किती, हे विचारल्यावर तिने आत फोन लावला, आतून कोणी उचलला नाही, आणि ती मला सोमवारी यायला म्हणाली.

तिसऱ्या ठिकाणी पाटी वगैरे काही नव्हती, पण काउंटरवरचे गृहस्थ स्पष्टवक्ते निघाले. मी शस्त्रक्रियेचा दर विचारला. त्यांनी मान वर न करता विचारले, "मेडिक्लेम आहे का?"

मी म्हटले, "असेल तर?"

"असेल तर बेचाळीस हजार. नसेल तर अठ्ठावीस."

भिंग तेच, सर्जन तेच, हे मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

वैनगंगाताई, ग्राहकाबद्दलचे आपले म्हणणे मी मान्य करतो. दर ठरवून देण्याबद्दलचे अजून नाही, पण दर एकच असण्याची सक्ती सरकारनेच करायला हवी आणि तिच्यामागे दंडही हवा, इथपर्यंत आलो आहे. शस्त्रक्रिया पुढच्या गुरुवारी तिसऱ्या ठिकाणीच करायची ठरवली आहे, रोखीने, अठ्ठावीस हजारांत. आमच्या दोघांच्या पॉलिसीचे नूतनीकरण त्याच आठवड्यात आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, पण कंपनीने यंदा मूळ हप्ता वाढवून पाठवला आहे. तो भरणार आहे, कारण सत्तरीला टेकलेल्या मला दुसरे कोणी घेणार नाही.